निळे डाग आणि शेवंताबाई

त्वचारोगाच्या डॉक्टरांबद्दल आमच्याच व्यवसायात एक जुना विनोद आहे. यांचा पेशंट मरत नाही, बराही होत नाही आणि रात्री उठवायला तर कधीच येत नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीत हा विनोद माझ्या सासऱ्यांना कोणीतरी ऐकवला होता आणि मला पसंत करण्याचं ते एक कारण होतं म्हणे. पुढे चौतीस वर्षं मी गिरगावात दवाखाना चालवला. आठवड्यातल्या तीन सकाळी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानद म्हणून जात राहिले. रात्री मला खरंच कोणी उठवलं नाही. बाकीचा विनोद मात्र एका बाळाने खोटा पाडला, त्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळत आले आहे.

माझा दवाखाना खोताच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर होता. लाकडी जिना असा उभा, की हाडांच्या डॉक्टरने तिथे दवाखाना टाकला असता तर उपाशी मेला असता. दोन खोल्या, आणि आतल्या खोलीला पूर्वेकडे ही मोठी खिडकी. ती खिडकी पाहूनच मी जागा घेतली. त्वचा बघायला यंत्र फारसं लागत नाही, उजेड लागतो. पिवळ्या बल्बखाली कावीळ लपते आणि ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात. म्हणून लहान बाळांना मी सकाळच्या उन्हातच बोलवायचे.

दुसरा नियम असा की बाळाचे सगळे कपडे उतरवायचे. झबलं, टोपडं, दुपटं, लंगोट, मनगटातला काळा दोरासुद्धा. हे सोपं नसायचं. आपल्याकडे बाळाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे बारशाला नेल्यासारखं नटवून नेतात. न्हाऊमाखू घालून, पावडर फासून, गालावर काजळाची तीट लावून आणतात आणि मग म्हणतात, डॉक्टर, अंगावर काहीतरी उठलंय. जे उठलंय ते पावडरीच्या थराखाली. मी ओल्या फडक्याने पावडर पुसायला लागले की आज्या माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी बाळाचे दागिने उतरवून घेते आहे.

एकदा वाडीतले एक आजोबा तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन तावातावाने जिना चढून आले. नातवाच्या ढुंगणावर तळहाताएवढा निळा डाग होता. सूतिकागृहातल्या आयाने पोराला चापट मारली असं त्यांचं ठाम म्हणणं. पोलिसांत जायची तयारी झालेली, माझ्याकडून फक्त कागद हवा होता. मी विचारलं, चापटीचा वळ तीन महिने टिकतो का? मग समजावलं की आपल्याकडच्या कितीतरी बाळांना हा डाग जन्मापासून असतो, सपाट असतो, दुखत नाही आणि मूल शाळेत जायच्या सुमाराला आपोआप विरून जातो. तुम्हालाही असेल लहानपणी, म्हटलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, आता ते विचारायला आई कुठून आणू.

दुसरा प्रकार बिब्ब्याचा. दृष्ट लागू नये म्हणून एका आजीने दोन महिन्यांच्या नातीच्या पोटावर बिब्ब्याची फुली काढली होती. बिब्ब्याचं तेल नाजूक कातडीला पोळतं. त्या फुलीचे फोड बरे व्हायला महिना लागला. आजी दर खेपेला सांगायच्या, पण बघा, दृष्ट नाही लागली. असली प्रकरणं बघून बघून माझं मत कडू होत गेलं. बाळंतिणीची धुरी, शेक, गुटी, मालिश या सगळ्याला मी एकाच टोपलीत टाकून मोकळी झाले. बाळाला चोळायला येणाऱ्या बायांबद्दल तर मी मातांच्या मेळाव्यांत भाषणं ठोकायचे, आणि टाळ्याही मिळायच्या.

अशाच दिवसांत प्रमिलाताई आपल्या नातीला घेऊन आल्या. ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. प्रमिलाताईंचं घर गिरगावातलं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत मुरलेलं. पूर्वज कचेऱ्यांत मोठे कारकून, आताची पिढी शिकलेली. त्यांचा मुलगा बोटीवर इंजिनियर होता, तेव्हा समुद्रात कुठेतरी होता. सून स्नेहल बँकेत नोकरीला, पहिलंच बाळंतपण. बाळ सहा आठवड्यांचं. संध्याकाळची वेळ, बाहेरच्या बाकावर माणसं दाटीने बसलेली, आणि बाळ नुकतंच दूध पिऊन झोपलेलं.

प्रमिलाताई म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय हो, उठवू नका. झोपलेल्या बाळाला उठवू नये हा आपल्या घरोघरचा कायदा आहे, आणि मीही त्याच घरांतली. मी झबलं वर केलं, पाठ बघितली, मांडी बघितली. ट्यूबलाइटखाली दोन निळसर डाग दिसले, नखाएवढे. स्नेहल काही बोलणार होती, तोवर सासूबाईंनी सांगून टाकलं की मालिशवाली शेवंता हाताने जड आहे, माझगावहून येते, आधी हौसेने बोलावली, आता पस्तावतोय. मला तर हेच ऐकायचं होतं. मी डागावर बोटसुद्धा दाबून पाहिलं नाही. म्हटलं, मुका मार आहे, मालिश बंद करा.

प्रमिलाताईंनी ते लिहून मागितलं. तिला दाखवायला बरं पडेल, म्हणाल्या. मी माझ्या नावाच्या कागदावर लिहिलं, ‘अंगावर चोळल्याचे व्रण. मालिश पूर्ण बंद करावी.’ खाली सही, शिक्का. फार समाधान वाटलं मला, एका बाळाची सुटका केल्याचं. तो कागद प्रमिलाताईंनी शेवंताबाईंना दाखवला, मग शेजारी दाखवला, मग खालच्या मजल्यावर. गिरगावात डॉक्टरचा कागद आणि देवीचा कौल यांत फारसा फरक नसतो. आठवड्याच्या आत शेवंताबाईंची चार घरं सुटली.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई जिना चढून आल्या. साठीच्या आसपास, उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी गुडघ्याशी खोचलेली. नंबर लावला नाही, बाकावर बसल्या नाहीत, सरळ आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी शेवंता, म्हणाल्या. मला वाटलं भांडायला आल्यात, आणि मी भांडणाच्या तयारीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या भांडल्या नाहीत. सासू देवळात गेल्यावर स्नेहलने त्यांना गुपचूप बोलावून घेतलं होतं, कारण बाळाचे डाग वाढत होते आणि घरात कोणी ऐकून घेत नव्हतं. बाळाला चोळायला नव्हे, नुसतं बघायला.

“डॉक्टरीणबाई, ह्या निळा माझ्या हाताचा न्हय,” त्या म्हणाल्या. “पंदरा दिवस मी त्या चेडवाक हात लावूक नाय. तरी गाठी वाढल्यो. चोळल्याचा वळ सपाट आसता. ह्यो हाताखाली वाटाण्यासारख्यो लागतत.”

हा तर्क मला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगितला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. कारण काढून टाकलं आणि तरी आजार वाढला, तर ते कारण नव्हतं. इतकं साधं. मुका मार दोन-चार दिवसांत हिरवट होतो, मग पिवळा, मग जातो. हे डाग जात नव्हते, नवे येत होते. तरीही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं की तुम्हाला काय कळतं त्यातलं. आज लिहितानाही लाज वाटते.

“माका बोल लावलात ता रवांदे,” शेवंताबाई म्हणाल्या. “आधी चेडवाक बघा.”

अर्ध्या तासात त्या स्नेहलला आणि बाळाला घेऊन परत आल्या. खिडकीशी टेबल ओढलं, बाळाला पूर्ण उघडं केलं, काजळ आणि पावडर पुसली. पुसल्यावर दिसलं की बाळ पांढरं पडलंय. गोरं नव्हे, पांढरं. ओठ, तळवे, पापणीची आतली बाजू, कुठेच रक्ताचा रंग नाही. प्रमिलाताई महिनाभर कौतुकाने सांगत होत्या की नात उजळत चाललीये.

शेवंताबाईंनी बाळाचं डोकं एका तळव्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझं बोट धरून जावळात नेलं. तिथे एक गाठ. कानामागे एक. बगलेखाली दोन. पाठीवर, मांडीवर, तळपायाच्या वर. त्या नेत गेल्या आणि मी मोजत गेले. मी दोन पाहिल्या होत्या, त्यांनी मला अकरा दाखवल्या. जांभळट निळ्या, घट्ट, दाबल्यावर रंग न बदलणाऱ्या. पोटावर हात ठेवला तर यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढलेली, बोटांना लागत होती.

या गाठींना आमच्या पुस्तकात एका विलायती केकचं नाव आहे, निळी फळं घातलेल्या. आम्ही गिरगावात वाढलेल्या पोरींनी तो केक परीक्षेत पास होईपर्यंत पाहिलाही नव्हता, नुसता पाठ केला होता. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. बाळाच्या अंगावरचे बहुतेक निळे डाग निरुपद्रवी असतात, त्या आजोबांच्या नातवासारखे. पण निळा डाग हाताला गाठीसारखा लागला, नवे येत राहिले, बाळ फिकं पडलं, तर पाहावं लागतं. पोटात असताना आईकडून आलेला संसर्ग असू शकतो, आई आणि बाळाच्या रक्तगटांचा तंटा असू शकतो, आणि क्वचित रक्ताचा कर्करोग असतो, ज्यात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी कातडीखाली येऊन साठतात. एवढ्याशा बाळाला हा आजार होतो हेच लोकांना पटत नाही. आणि कधीकधी तो सगळ्यांत आधी कातडीवरच दिसतो, म्हणजे माझ्या खात्यात. माझ्या अख्ख्या नोकरीत असं बाळ तोवर मी फोटोतच पाहिलं होतं.

बाहेरच्या पेशंटांना घरी पाठवलं. टॅक्सी केली, आम्ही तिघी आणि बाळ परळला. रस्त्यात स्नेहलने एकदाच विचारलं, काय आहे? मी म्हटलं, रक्त तपासल्याशिवाय सांगणार नाही. तिने ते उत्तर बरोबर ओळखलं. शेवंताबाई लालबागपर्यंत बाळाच्या तळव्यावर अंगठा ठेवून बसल्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट दुपारीच आला. कातडीचा एक तुकडा काढला, मग हाडातला मगज तपासला. तिसऱ्या दिवशी नाव नक्की झालं. ल्युकेमिया.

पुढचं अर्धं वर्ष परळमध्ये गेलं. स्नेहलचा नवरा पुढच्या बंदरावर उतरून विमानाने आला आणि मग बोटीवर गेलाच नाही. औषधं सुरू झाल्यावर गाठी विरल्या. कातडी पुन्हा स्वच्छ झाली तेव्हा प्रमिलाताईंनी सगळ्या वॉर्डला पेढे वाटले. आम्हा डॉक्टरांना ठाऊक होतं की कातडी लवकर खुश होते, रक्त नाही. पण त्यांचा पेढा नाकारणं माझ्याच्याने झालं नाही.

माझ्या तीन सकाळी मी बाह्यरुग्ण विभाग उरकून वर वॉर्डात जायचे. कॉरिडॉरच्या बाकावर शेवंताबाई हमखास असायच्या. बाळाला हात लावायला मनाई होती, जंतूंची भीती, आणि त्या नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग त्या स्नेहलचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळत बसायच्या. ओली बाळंतीण आहे, हिच्याकडे कोणाचं लक्ष नाही, असं त्यांनी मलाच सुनावलं. ते खरं होतं. आम्ही सगळे बाळाच्या रक्ताचे आकडे बघत होतो, तिची पाठ भरून आलीय हे कोणी विचारलं नव्हतं. प्रमिलाताई दुपारी यायच्या, म्हणून शेवंताबाई सकाळी यायच्या. दोघींची गाठ पडू नये याची काळजी त्याच घ्यायच्या.

बाळ आठव्या महिन्यात गेलं. माझ्या व्यवसायातला पेशंट मरत नाही म्हणतात.

मी तिथल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारलं की ते पंधरा दिवस मिळाले असते तर? ते म्हणाले, इतक्या लहान वयात हा आजार फार क्रूर असतो, पंधरा दिवसांनी बहुधा काही बदललं नसतं. बहुधा. तो एक शब्द मी अजून गिळू शकलेले नाही.

शेवंताबाईंची घरं मात्र गेली ती गेलीच. कागद माझा होता, शिक्का माझा होता, तेव्हा निस्तरायचं मीच होतं. पण घरात दुःख आहे, आत्ता कशाला, जरा दिवस जाऊ देत, असं म्हणत मी महिना घालवला. खरं कारण सांगायचं तर माझी चूक होती हे प्रमिलाताईंच्या तोंडावर म्हणायची हिंमत होत नव्हती. गिरगावात मला सगळे मानत होते आणि मला ते आवडत होतं. शेवटी शेवंताबाईच दवाखान्यात आल्या. मी लगबगीने नवा कागद घेतला, लिहिलं की बाळाच्या अंगावरचे डाग मालिशीचे नव्हते, आजाराचे होते आणि ते सर्वांत आधी शेवंताबाईंनी ओळखले. सही, शिक्का. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, नीट घडी घातली आणि कागद परत माझ्या टेबलावर ठेवला.

“कागदान गेला ता कागदान परत येवचा नाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येवन सांगा.”

त्या रविवारी आम्ही दोघी प्रमिलाताईंच्या घरी गेलो. स्नेहलने दार उघडलं. प्रमिलाताई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, शेवंताबाईंना पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी बसलेही नाही. वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली आणि सांगितलं की मी त्या संध्याकाळी बाळाला नीट तपासलं नाही. बाळ झोपलं होतं, गर्दी होती, आणि मालिशवाल्या बायांबद्दल माझ्या मनात अढी होती. मी चुकीचं लिहून दिलं. या बाईंच्या हाताने काही झालं नाही, उलट यांच्या हाताला कळलं ते मला डोळ्यांनी कळलं नाही.

प्रमिलाताई म्हणाल्या, “तिच्यावर रागवता तरी येत होतं मला. आता तेही काढून घेतलंत. मग मी कोणाला बोल लावू?” आणि त्यांची नजर फिरत फिरत स्नेहलवर गेली. ती नजर मी आयुष्यभर बघत आले होते, घरोघरी. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तरी ती आईकडेच जाते. काय खाल्लंस, कुठे गेली होतीस, ग्रहणात काय केलंस. स्नेहल भिंतीला टेकून उभी होती आणि ती मान खाली घालायच्या बेतात होती.

शेवंताबाई पुढे झाल्या आणि त्या दोघींच्या मध्ये जमिनीवर बसल्या.

“रागावचा आसात तर माझ्यावरच रागवा, वयनीनू. माका सवय झाली,” त्या म्हणाल्या. “पण सुनेवर नको.”

ज्या आरोपातून सोडवायला मी त्यांना तिथे आणलं होतं, तो त्यांनी स्वतःच्या हाताने परत उचलून घेतला. मी तिथे उभी होते आणि मला माझ्या साऱ्या पदव्यांची शरम वाटली. प्रमिलाताई रडायला लागल्या. बाळ गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे स्नेहलने मला नंतर सांगितलं. शेवंताबाईंनी त्यांचे पाय ओढून मांडीवर घेतले आणि चोळायला सुरुवात केली. मी चपला घालून निघाले, तिथे माझं काम नव्हतं.

घरं हळूहळू परत आली, सगळी नाही. प्रमिलाताई स्वतः खालच्या मजल्यावर जाऊन बोलल्या म्हणे, काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मी मेळाव्यांतली भाषणं बंद केली. एका वर्षी परळच्या शिकाऊ डॉक्टरांसमोर मी शेवंताबाईंना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, या सांगतील तसं बाळावरून हात फिरवून बघा. पोरं हसली. शेवंताबाईंनी त्यांना आधी नखं कापून यायला सांगितलं.

दोन वर्षांनी स्नेहलला मुलगा झाला. बाराव्या दिवशी प्रमिलाताईंचा फोन आला, डॉक्टर, सकाळी उजेड असताना या. मी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं, तरी आवाज नाही. खिडकीशी चटई घातली होती, बाळ उघडं, पावडर नाही, काजळ नाही. मी बॅग उघडायला लागले तर प्रमिलाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं.

शेवंताबाई पाय पसरून बसल्या. बाळाला पायांवर घेतलं. हात तेलात बुडवले नाहीत, कोरडेच ठेवले. जावळापासून सुरुवात केली, कानामागे, मानेखाली, बगलेत, पाठीवर, एकेक बोट उघडून तळव्यात. स्नेहलने नवऱ्याचा हात धरला होता. मी इतक्या वर्षांच्या अनुभवाची त्वचारोगतज्ज्ञ, एका बाईच्या चेहऱ्याकडे बघत होते. टाचेपर्यंत पोचल्यावर त्यांनी पुन्हा एकदा वर जाऊन कानामागे चाचपलं.

“काय लागतं का गं हाताला?” प्रमिलाताईंनी विचारलं. त्यांनी मला विचारलं नव्हतं.

“काय एक नाय,” शेवंताबाई म्हणाल्या. “लोणी आसा.” आणि त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली.